मेहुणीची दोन टेबलं

जनावरांच्या डॉक्टरांचे पेशंट स्वतःच्या दुखण्याविषयी अवाक्षर काढत नाहीत, त्यामुळे बोलणाऱ्या माणसांशी कसं वागावं याचा या डॉक्टरांना सराव नसतो. माझी मेहुणी अशी डॉक्टर आहे आणि मी बोलणारा माणूस आहे. त्या रविवारी जेवणं झाल्यावर जे घडलं ते यातूनच घडलं.

ती आमच्याकडे जेवायला आली होती. हात पुसता पुसता बहिणीला म्हणाली, "दवाखान्यातल्या कॉम्प्युटरात दोन टेबलं आहेत. एकात मालक, एकात प्राणी. कुठला प्राणी कुणाचा ते एकत्र दिसलं तर लसीचे निरोप फोनवर पाठवता येतील. ज्यानं हे सगळं बनवलं तो परदेशी गेला आणि आता फोन उचलत नाही. फ्रिज लसींनी भरलाय, महिनाअखेरीला त्या फेकाव्या लागतील. शिवाय पालिकेला यादी गेली नाही तर परवाना अडेल."

हे ती बायकोला सांगत होती. मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी म्हणालो, "एवढंच ना? दोन टेबलं जोडायची."

"तुम्हाला येतं ते?" बायकोनं विचारलं. हा प्रश्न ती गेली अनेक वर्षं वेगवेगळ्या प्रसंगी एकाच सुरात विचारते.

येत होतं, असं म्हणायला माझ्याकडे आधार होता. मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. मागच्या वर्षी कंपनीनं आम्हाला 'डेटाबेसची पहिली ओळख' नावाचं प्रशिक्षण दिलं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र आमच्या दिवाणखान्यात लावलेलं आहे. शेवटच्या दिवशी माझी दाढ दुखत असल्यानं मी गेलो नव्हतो. टेबलं जोडायला नेमकं त्या दिवशी शिकवलं, हे मला पुढे कळलं. पण प्रमाणपत्रावर दाढेचा उल्लेख नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. आयुष्यभर पूल बांधले. आता बांधायला पूल नसल्यामुळे ते सल्ले देतात. बायकोनं जिन्यात त्यांना सहज सांगितलं, की हे सध्या दोन टेबलं जोडायच्या मागे आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना दारात एक सुतार उभा. इंजिनिअरसाहेबांनी पाठवला होता. त्यानं गुडघ्यावर बसून जेवणाचं टेबल खालून तपासलं, मग माझं लिहायचं टेबल बघितलं आणि म्हणाला, "साहेब, दोन्हींची उंची वेगळी आहे. जोडून बरं दिसणार नाही."

टेबलं कॉम्प्युटरच्या आत आहेत, हे मी त्याला साबणाच्या फेसातून समजावून सांगितलं. त्यानं कॉम्प्युटरकडे बराच वेळ पाहिलं आणि इतकं बारीक काम आपण घेत नाही म्हणाला. आला आहे तर म्हणून बायकोनं त्याच्याकडून ओट्याखालच्या कपाटाचं लोंबणारं दार बसवून घेतलं. या सगळ्या प्रकरणात पहिल्या फटक्यात नीट झालेली तेवढी एकच गोष्ट.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. बाहेरच्या खोलीत नखांनी ओरबाडलेलं बाक, वजनकाटा, फिनेलचा आणि ओल्या केसांचा मिसळलेला वास. आतल्या बाजूला लसींचा फ्रिज आणि त्याला लागून कॉम्प्युटर. मी खुर्ची ओढली आणि कामाचा अंदाज घेतला. मालकांच्या टेबलात प्रत्येकाचा क्रमांक, नाव, आडनाव, फोन. प्राण्यांच्या टेबलात नाव, जात, लसीची तारीख, मालकाचं आडनाव आणि सगळ्यात शेवटी एक नुसता आकडा. हा आकडा कशाचा, याचा मी विचार केला आणि वजनाचा असावा असं ठरवलं. त्या हिशोबानं एक मांजर दोनशे बारा किलोचं निघत होतं. पण मी दावे विभागात काम करतो. यापेक्षा विचित्र आकडे मी मंजूर होताना पाहिलेत.

मग मी दोन्ही टेबलांची नावं लिहिली, मध्ये स्वल्पविराम दिला आणि कॉम्प्युटरला सांगितलं, दाखव.

ओळी येऊ लागल्या. येतच राहिल्या. मी चहा घेऊन आलो तरी येत होत्या. तीनशे मालक आणि साडेतीनशेच्या वर प्राणी, पण ओळी लाखाच्या पुढे गेल्या. मला समाधान वाटलं. आमच्या ऑफिसात जाड फाइल ही नेहमीच पूर्ण फाइल समजली जाते. काम अर्धवट कशाला ठेवायचं म्हणून मी आणखी एक सोय केली. जी यादी निघेल ती आपोआप निरोप पाठवणाऱ्या कंपनीकडे जावी आणि तिची एक प्रत पालिकेकडे जावी, असं दोन्हीकडे बांधून टाकलं. पुढच्या वेळी परत कुणाला त्रास नको.

नंतर जे समजलं ते इथंच सांगून टाकतो. कुणाचं काय हे न सांगता दोन टेबलं कॉम्प्युटरच्या हवाली केली, तर तो बिचारा एका टेबलातली प्रत्येक ओळ दुसऱ्यातल्या प्रत्येक ओळीला जोडतो. आपण सांगितलंच नाही, तर त्यानं काय करावं? त्याच्या दृष्टीनं गावातला प्रत्येक माणूस गावातल्या प्रत्येक प्राण्याचा मालक असतो. विचार म्हणून हा फार थोर आहे. लसीकरणाला त्याचा उपयोग नाही.

रात्रीचं जेवण होतंय तोच मेहुणीचा फोन आला.

"भावोजी, तुम्ही काय केलंत?"

"का? पोचले ना निरोप?"

"एका बाईंकडे एक मांजर आहे. त्यांना घोड्याची लस टोचायला बोलावलंय. कुत्र्यांच्या लसींचे निरोप किती आले ते त्यांनी मोजायचं सोडून दिलं."

निरोप पाठवणाऱ्या कंपनीला शंका आली आणि थोड्याच वेळात त्यांनी दवाखान्याचं खातं बंद केलं. ते उघडायला अर्ज करावा लागला. अर्जात कारणाचे तीन पर्याय होते: चोरी, घुसखोरी आणि इतर. मी 'इतर' निवडलं. खाली लिहिलं होतं, 'इतर असल्यास स्पष्ट करा.' मी बराच विचार करून 'उत्साह' असं लिहिलं. तो अर्ज परत आला. मग मेहुणीनं 'तांत्रिक अडचण' लिहिलं आणि तो लगेच मंजूर झाला. शिकलेल्या माणसानं खरं लिहिलं की असं होतं.

खातं बंद होईपर्यंत यादीतल्या अगदी वरच्या मालकांना मात्र सगळे निरोप पोचले होते. सगळ्यात वर होते मालक क्रमांक एक. हे एक निवृत्त मुख्याध्यापक, दवाखान्याचे पहिले गिऱ्हाईक. दवाखाना उघडला त्या सकाळी आपला कुत्रा घेऊन हेच आधी दारात उभे होते. त्यांचा फोन थरथरत थरथरत मेजावरून खाली पडला म्हणे. पण त्यांनी तक्रार केली नाही.

इंजिनिअरसाहेबांना हे जिन्यात कळलं. त्यांनी मला कठड्याशी थांबवलं. "जोड म्हटला की खूण लागते. दोन तुळया अशाच ठेवून चालतात का? बोल्टाच्या भोकाला भोक जुळवावं लागतं."

"खूण कशाची घ्यायची?"

"नावाची. माणसं नावानं ओळखली जातात. नंबर कैद्यांना असतात."

मला ते पटलं. दोन्ही टेबलांत आडनाव होतंच. मी आडनावाला आडनाव जुळवलं. या वेळी ओळी बेताच्या आल्या, यादी सुटसुटीत दिसली, मी समाधानानं घरी गेलो. फक्त आमच्या भागात एकाच आडनावाची पंधरा-वीस घरं आहेत आणि अशी आडनावंही पाच-सहा आहेत, एवढी बाब सुटली.

तालीम चालवणाऱ्या एका धिप्पाड गृहस्थाला पोपटाचं बोलावणं गेलं. त्यानं दवाखान्यात फोन करून विचारलं, माझा पोपट करताय काय? मेहुणीनं तो फोन माझ्याकडे दिला. माझंही काही वेगळं झालेलं नव्हतं, त्यामुळे मी नुसता हं हं करत राहिलो.

त्याहून वाईट प्रकरण सशाचं झालं. एका नोकरदार माणसाच्या फोनवर त्याच्या सशाच्या लसीची आठवण गेली आणि ती त्याच्या बायकोनं वाचली. हा माणूस हल्ली ऑफिसातून उशिरा येत असे. दोघं संध्याकाळी दवाखान्यात आली. ती एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मध्ये एक म्हातारं कासव घेऊन बसलेल्या आजी.

"डॉक्टर, माझ्याकडे ससा नाही असं तुम्ही लिहून द्या," तो म्हणाला.

मेहुणीनं दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलं, 'यांच्याकडे ससा नाही.' खाली सही, शिक्का. त्याच्या बायकोनं तो कागद शांतपणे वाचला.

"आत्ता नाही, की कधीच नव्हता?"

मेहुणीनं कागद परत घेतला आणि 'व नव्हता' असं जोडलं. त्या दोन शब्दांनी एक संसार वाचला असेल, पण आभार माझे कुणी मानले नाहीत.

ती दोघं गेल्यावर मेहुणी एका मांजराची नखं कापायला बसली. मान वर न करता म्हणाली, "भावोजी, प्राण्यांच्या टेबलात शेवटी एक आकडा आहे बघा."

"वजनाचा."

नखं कापायचं थांबलं. मांजरानंसुद्धा माझ्याकडे पाहिलं.

"मालकाचा क्रमांक आहे तो. तिकडे मालकाला जो क्रमांक, तोच इकडे त्याच्या प्राण्यापुढे. ते दोन जुळवायचे."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. येतं म्हणालात."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण तेवढ्यात पालिकेचा अधिकारी आत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल. पहिली, लाखभर ओळींची यादी त्याच्या खात्याला पोचली होती आणि त्यानं ती वरून वाचायला सुरुवात केली होती. वर मालक क्रमांक एक. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या वर प्राणी, त्यांत दोन घोडे. राहण्याची जागा, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या.

"मी पाहणी करून आलो," तो खुर्चीत बसत म्हणाला. "दोन्ही खोल्या, गॅलरी, न्हाणीघर, पलंगाखाली. एकही प्राणी आढळला नाही."

"नसणारच. यादी चुकली होती," मी म्हणालो.

त्यानं फाइल उघडून मला स्वतःची नोंद दाखवली. 'पाहणीच्या वेळी प्राणी आढळले नाहीत. अन्यत्र हलवले असावेत.' खाली मुख्याध्यापकांना दिलेल्या नोटिशीची प्रत होती. प्राणी हजर करा किंवा खुलासा करा.

"यादी चुकली असं लेखी द्या आणि बरोबर यादी द्या," तो म्हणाला. "त्याशिवाय मला ही फाइल बंद करता येत नाही. आणि फाइल उघडी असताना परवान्याचं काही होत नाही."

 मेहुणीनं फ्रिज उघडला, लसींच्या खोक्यांकडे पाहिलं आणि परत लावला. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी त्याच बैठकीत क्रमांकाला क्रमांक जुळवला. दोनशे बारा किलोचं मांजर दोनशे बारा क्रमांकाच्या बाईंच्या मांडीवर जाऊन बसलं. ससा सशाच्या घरी गेला, पोपट पोपटाच्या. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या बाकावर बसायला जागा उरली नाही. मेहुणी टोचत होती, फ्रिज रिकामा होत होता. मी घरी प्रमाणपत्रावरची धूळ पुसली.

अधिकारी यादी घेऊन परत आला. "मालक क्रमांक एक यात नाहीत."

मी पाहिलं. नव्हते. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की असा जोड दिला की ज्याची दोन्हीकडे जोडी आहे तेवढाच उरतो. मालक आहे पण प्राणी नाही, असा माणूस चुपचाप गळून जातो. मुख्याध्यापकांचा कुत्रा गेल्या वर्षी वारला होता. मेहुणीनं त्याची ओळ काढून टाकली होती.

"ज्यांच्या नावावर साडेतीनशे होते त्यांचं नावच गायब?" अधिकारी म्हणाला. "मला सगळे मालक हवेत. प्राणी असो नसो. नसेल तिथं जागा रिकामी दिसू दे."

असाही एक जोड असतो. डावीकडचं टेबल पुरतं ठेवायचं आणि उजवीकडे काही जुळलं नाही तर तिथं रिकामी जागा सोडायची. हे मी पुस्तकात बघून केलं, पहिल्याच प्रयत्नात जमलं आणि त्या आनंदात एक गोष्ट विसरलो. निघेल ती यादी आपोआप निरोपांकडे जावी अशी सोय मी स्वतःच करून ठेवली होती.

त्या संध्याकाळी ज्यांचे प्राणी आता नाहीत अशा सगळ्यांना निरोप गेला. 'आपल्या लाडक्या (मग रिकामी जागा) ची लस देय आहे. कृपया त्याला घेऊन यावे.'

मेहुणीनं तो निरोप माझ्यासमोर धरला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"यातली बरीच माणसं इथून रडत घरी गेली आहेत, भावोजी," एवढंच म्हणाली.

मी एकेकाला फोन करून माफी मागायला बसलो. एका बाईंनी मला त्यांच्या मांजरीविषयी अर्धा तास सांगितलं. एका गृहस्थानं माझं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. मुख्याध्यापकांचा फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच आले. अधिकारीही तिथंच होता, बेरजा तपासत. मुख्याध्यापक उंच, ताठ, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. त्यांना पाहून अधिकारी उठून उभा राहिला. का ते त्यालाही कळलं नसावं.

"ही यादी करणारे आपण?" त्यांनी मला विचारलं.

"हो, सर."

"'लस देय आहे' असं मराठीत म्हणत नाहीत. 'लस द्यायची आहे' म्हणतात."

"बदलतो, सर. आणि कालच्या निरोपाबद्दल मी फार..."

त्यांनी हातानं मला थांबवलं आणि बाकावर बसले. "पहिल्या दिवशी मला साडेतीनशेवर निरोप आले. सगळे वाचले मी."

"सगळे?"

"त्याचं नाव कुठं असेल म्हणून. नव्हतं."  मग ते अधिकाऱ्याकडे बघून म्हणाले, "नंतर हे आले. यांनी घरभर शोधलं. पलंगाखालीसुद्धा. चूक आहे हे मी त्यांना सांगू शकलो असतो. पण घरात कुणीतरी त्याला शोधतंय, हे मला बरं वाटलं. मी सांगितलं नाही."

अधिकाऱ्यानं फाइल मिटली.

"काल रिकामी जागा आली," मुख्याध्यापक म्हणाले. "एवढ्या सगळ्या निरोपांत तेवढं एक बरोबर होतं. त्यासाठी आपण माफी मागू नये."

मेहुणी त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली.  मग अधिकाऱ्यानं घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, त्याला एवढंच बोलता येत होतं. "मॅडम, एक बेरीज जुळत नाही. प्राण्यांच्या टेबलात एक प्राणी जास्त आहे. दोन्ही याद्यांत तो नाही."

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. कुत्रा, तपकिरी. नाव नाही. शेवटचा रकाना रिकामा.

"तो मागच्या खोलीत आहे," मेहुणी म्हणाली. "गेल्या आठवड्यात एकानं स्कूटरची धडक बसली म्हणून आणून ठेवला. फोन नंबर दिला तो अस्तित्वातच नाही. मालक नाही, म्हणून कशालाच जोडला जात नाही."

"मालकाचा रकाना रिकामा ठेवून मला पुढे पाठवता येणार नाही."

मुख्याध्यापक उठले. "कुठली खोली म्हणालात?"

मेहुणीनं दार दाखवलं. ते आत गेले आणि त्यांनी मागं दार लावून घेतलं. आम्ही तिघं बाहेर. आतून आधी एक गुरगुर ऐकू आली. सकाळी मी आत डोकावलो तेव्हा त्या कुत्र्यानं माझ्या पायमोज्यावर तीच गुरगुर केली होती. मग मुख्याध्यापकांचा आवाज आला, वर्गात मागच्या बाकाशी बोलावं तसा, संथ. काय म्हणत होते ते कळलं नाही. गुरगुर थांबली. 

दार उघडलं तेव्हा कुत्रा त्यांच्या पुढे होता. एक पाय प्लास्टरमध्ये, तीन पायांवर उड्या मारत. मुख्याध्यापकांच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत चाटून ओली झाली होती.

"पाय बरा होईपर्यंत नेतो," ते म्हणाले. "तिसरा मजला आहे, उचलून न्यावं लागेल. तेवढ्यापुरता."

"तेवढ्यापुरताच, सर," मेहुणी म्हणाली आणि घाईघाईनं औषधं काढायला वळली. वळल्यावर बराच वेळ तिला औषध सापडेना.

मी कॉम्प्युटरशी बसलो आणि त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात एक आकडा भरला: एक. अधिकाऱ्यानं फाइल पुन्हा उघडली, आपली जुनी नोंद काढली आणि तिच्याखाली सावकाश लिहिलं, 'पुनर्पाहणीत एक प्राणी आढळला.' ते स्वतःशी एकदा वाचून त्यानं सही केली. परवान्याचा कागद त्यानं मेहुणीपुढे ठेवला, मग त्याचं लक्ष पुन्हा यादीकडे गेलं.

"सर, प्राण्याचं नाव?"

मुख्याध्यापक दारापर्यंत पोचले होते. कुत्रा त्यांच्या बुटावर प्लास्टरचा पाय टेकून उभा होता.

"अजून ओळख झालेली नाही. उद्या सांगतो."

"रकाना रिकामा चालत नाही, सर."

"एक दिवस चालेल," मुख्याध्यापक म्हणाले, खाली वाकले, कुत्र्याला दोन्ही हातांवर उचललं आणि पायऱ्या उतरू लागले.

अधिकाऱ्यानं पेन उघडंच धरून थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं.